डब्याबाहेरचा गनर

मॉडेलचं खोकं उघडलं की बहुतेक जण आधी झाकणावरचं चित्र बघतात, मग सूचनापत्रक चाळतात. अण्णा एक रनर उचलतात, ट्यूबलाइटसमोर धरतात आणि चष्मा कपाळावर सरकवून त्याची कड न्याहाळतात. रनर म्हणजे सगळे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले असतात ती. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे मोल्ड बनवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. शॉपमध्ये सगळे त्यांना अण्णा म्हणत, आणि निवृत्तीनंतरही ते अण्णाच राहिले. समोरचा भाग विमानाचा आहे की मिक्सरच्या झाकणाचा, हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम. आधी पार्टिंग लाइन, म्हणजे मोल्डचे दोन अर्धे मिळतात तिथली रेघ, कुठून गेलीय ते बघायचं. भाग मोल्डबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे दिसत्या बाजूला आलेत की आतल्या, जाड जागी प्लास्टिक बसलंय का, कडेला फ्लॅश, म्हणजे बाहेर ओघळलेलं पातळ प्लास्टिक, आहे का, हे सगळं त्यानंतर.

यावेळी टेबलावर होतं तामिया या जपानी कंपनीचं 1:48 प्रमाणातलं इल-2 श्तुर्मोविक. हे किट 2012 मध्ये बाजारात आलं. अण्णांनी ते एका ओळखीच्याकडून, त्याच्या कपाटात बरीच वर्षं पडून राहिल्यावर, घासाघीस करून घेतलं. पहिला रनर पाहून झाल्यावर त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "मोल्ड चांगल्या माणसानं केलाय." टूलरूमच्या माणसाकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही.

इल-2 हे दुसऱ्या महायुद्धातलं सोव्हिएत विमान. आकाशात लढण्यापेक्षा खाली उतरून रणगाडे, तोफा, ट्रकांचे ताफे आणि खंदक यांवर हल्ला करणं हे त्याचं काम. सर्गेई इल्युशिन यांनी ते 1938 च्या सुमारास आखायला घेतलं. पहिला नमुना व्लादिमीर कोक्किनाकी या चाचणी वैमानिकाने ऑक्टोबर 1939 मध्ये उडवला. युद्ध संपेपर्यंत अशी 36 हजारांहून जास्त विमानं तयार झाली. लढाऊ विमानांच्या इतिहासात एवढं उत्पादन फारच थोड्यांच्या वाट्याला आलं. पाठीवरच्या उंचवट्यामुळे सोव्हिएत सैनिक त्याला प्रेमाने कुबडं म्हणत.

अण्णांना मात्र या विमानात रस निर्माण झाला तो आकड्यांमुळे नव्हे, त्याच्या पुढच्या अर्ध्या भागामुळे. त्या काळातल्या बहुतेक विमानांत आधी सांगाडा असे, त्यावर पत्रा चढे, आणि संरक्षण हवं असेल तिथे आतून चिलखताच्या प्लेटा ठोकल्या जात. प्लेट म्हणजे निव्वळ वजन. ती गोळी अडवते, पण विमान उभं ठेवायला तिचा उपयोग नाही. इल्युशिनने वेगळा मार्ग धरला. इंजिन, रेडिएटर, वैमानिक आणि इंधनाची टाकी या सगळ्यांना सामावणारा पोलादी डबाच त्याने विमानाचा पुढचा भाग म्हणून वापरला. गोळी अडवणारा पत्रा आणि भार पेलणारा पत्रा एकच. डब्याचं वजन 700 किलोच्या घरात, जाडी जागेनुसार 4 मिलिमीटरपासून 12 मिलिमीटरपर्यंत. "एका पार्टकडून दोन कामं," अण्णा म्हणतात. डिझाइनवाल्यांच्या मागे लागून हेच करून घेण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात किती अवघड होतं ते अण्णांचे प्रेसशॉपमधले जुने सोबती संध्याकाळी चहाला आले तेव्हा कळलं. त्यांनी धडाचा डावा अर्धा हातात घेतला, नाकाच्या गोलाईवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हा पत्रा दोन्हीकडून वळलाय?" वळलाय. नाकाजवळ तो आडवाही गोल आहे आणि उभाही. साधं पोलाद असं दाबणं जमतं. चिलखती पोलाद आधी कडक करून मग दाबायला गेलं तर ते तडकतं, आणि आधी दाबून मग कडक केलं तर भट्टीतून निघताना वाकडं होतं. हार्डनिंगहून परत आलेला जॉब सरफेस प्लेटवर ठेवला आणि तो डुगडुगला, की टूलरूममध्ये जी शांतता पसरते ती दोघांच्याही परिचयाची होती.

सोव्हिएत धातुतज्ज्ञ सर्गेई किश्किन आणि निकोलाय स्क्ल्यारोव यांनी यावर उतारा शोधला. त्यांनी एबी-1 नावाचं असं पोलाद तयार केलं की तापलेला पत्रा प्रेसमध्ये दाबून त्याच दमात तेलात कडक करता यावा आणि आकारही टिकावा. मापात दाबलेले असे भाग मग एकमेकांना जोडून डबा उभा राही. सोबत्यांनी हे ऐकून घेतलं, धडाचा अर्धा खाली ठेवला आणि म्हणाले, "तेल किती तापत असेल, अण्णा! दर पत्र्यामागे." प्रेसशॉपच्या माणसाला आधी हेच सुचणार.

किटमध्ये या पत्र्याची जाडी दाखवता येत नाही, आणि मॉडेलच्या छंदातली ही एक मजेशीर अडचण आहे. किटच्या धडाची भिंत साधारण एक मिलिमीटर जाड. अठ्ठेचाळीस पटींनी मोठी केली तर ती जवळपास पाच सेंटिमीटर होते, म्हणजे खऱ्या चिलखताच्या किती तरी पट. वजनात विमान उडणार नाही एवढी. म्हणून दाराची, खिडकीची किंवा बॉम्बकप्प्याची कड जिथे नजरेला पडते तिथे मॉडेलवाले आतून घासून ती पातळ करतात. एक भाग मात्र याला अपवाद निघाला. इल-2 च्या समोरच्या काचेची जाडी साडेपाच ते साडेसहा सेंटिमीटर होती. बंदुकीची गोळी अडवायला तेवढी लागायचीच. अठ्ठेचाळीसने भागल्यावर ती मिलिमीटरच्या किंचित वर जाते, आणि पारदर्शक प्लास्टिकचा तुकडाही तेवढाच जाड. अण्णांनी व्हर्नियर लावून पाहिलं तेव्हा किटमध्ये मापाला मापाने बसलेली ही एकच भिंत निघाली, आणि तीही योगायोगाने. त्या तुकड्याला त्यांनी फेविक्विक लावलं नाही. फेविक्विकची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर धुकं धरते आणि ते धुकं निघत नाही.

धड जोडण्याआधी अण्णा ते दिवसेंदिवस कोरडं जुळवत राहतात, गोंदाशिवाय. घरच्यांना ही चालढकल वाटते. पण मोल्ड असेंब्लीतही कोअर आणि कॅव्हिटी हे मोल्डचे दोन अर्धे आधी निळं लावून जुळवतात, मगच प्रेसवर चढवतात. अशाच एका जुळवणीत वैमानिकाची बैठक, तिच्यामागची चिलखती प्लेट, मग टाकीची जागा आणि त्यामागे गनरचा, म्हणजे मागची मशिनगन चालवणाऱ्याचा, कप्पा अशी रांग त्यांच्या डोळ्यांसमोर आली. पोलादी डबा टाकीमागच्या भिंतीपाशी संपतो. गनर त्या भिंतीच्या मागे बसतो. म्हणजे डब्याबाहेर.

ही चूक नव्हती. तो निर्णय होता, आणि त्याची गोष्ट कारखान्यांमधून जाते.

मुळात इल्युशिनचा पहिला नमुना दोन माणसांचा होता आणि मागचा गनरही पोलादाच्या आत होता. विमान जड झालं आहे, वेग आणि पल्ला कमी पडतोय, असं सैन्याकडून आल्यावर गनर काढला गेला आणि त्याच्या जागी टाकी आली. 1941 च्या सुरुवातीला वोरोनेझच्या 18 क्रमांकाच्या कारखान्यातून विमानं बाहेर पडू लागली ती एकट्या वैमानिकाची. जूनमध्ये जर्मन आक्रमण झालं. पहिल्याच महिन्यांत लक्षात आलं की मागून येणारं लढाऊ विमान इल-2 ला सहज गाठतं आणि वैमानिकाला पाठीमागचं काही दिसत नाही. आघाडीवरच्या तुकड्यांनी मग आपल्या हाताने धडाला भोक पाडून मागे मशिनगनवाला बसवायला सुरुवात केली.

दरम्यान शरद ऋतूत वोरोनेझचा कारखाना यंत्रांसकट रेल्वेच्या डब्यांत भरून व्होल्गाकाठच्या कुइबिशेवला, म्हणजे आजच्या समाराला, हलवला गेला. शहराबाहेरच्या बेझिम्यांका भागात अर्धवट, काही ठिकाणी छपरही नसलेल्या शेडमध्ये यंत्रं बसली. हिवाळा रशियातला. मशिनवर बायका होत्या आणि शाळा सोडून आलेली मुलं. उत्पादन दिवसाला एक विमान एवढ्यावर आलं तेव्हा, डिसेंबर 1941 मध्ये, स्टालिनने कारखान्याच्या संचालकांना तारच पाठवली. तिचा आशय असा की लाल सैन्याला ही विमानं हवेसारखी आणि भाकरीसारखी हवी आहेत आणि दिवसाला एक देणं ही देशाची थट्टा आहे. त्या तारेखाली काम करणाऱ्या फोरमनची अवस्था अण्णांना कल्पनेनेच कळते. त्यांच्या काळात फार तर ग्राहकाचा माणूस गेटवर येऊन बसायचा.

अशा वेळी गनर परत घ्यायचा ठरलं. योग्य उपाय म्हणजे पोलादी डबा लांब करणं. पण डबा लांब करायचा तर प्रेसच्या डाय बदलायच्या, आणि डाय बदलायच्या म्हणजे उत्पादनाची ओळ थांबवायची. 1942 मध्ये ओळ थांबवणं कोणालाही परवडणार नव्हतं. म्हणून डबा होता तसा ठेवला, त्याच्या मागे लाकडी धडात भोक केलं, 12.7 मिलिमीटरची मशिनगन बसवली आणि गनरला बसायला कॅनव्हासचा पट्टा दिला. पुढे काही विमानांत त्याच्यामागे एखादी चिलखती प्लेट आली, पण डब्यात जागा नाही ती नाहीच.

अण्णांना हे वाचून राग आला नाही. अगदी खरं सांगायचं तर त्यांना ते ओळखीचं वाटलं. त्यांच्या टूलरूमला एकदा एका ग्राहकाकडून बदल आला होता. हाउसिंगमधला बॉस, म्हणजे स्क्रू बसतो तो उंचवटा, काही मिलिमीटर सरकवायचा होता, कारण जुन्या जागी प्लास्टिक तडकत होतं. मोल्डच्या कामात एक गोष्ट नव्या पोरालाही माहीत असते: मोल्डमधून पोलाद कापणं सोपं, वाढवणं कठीण. बॉस सरकवायचा म्हणजे जुनी जागा वेल्डने भरायची, पुन्हा मशिनिंग, पुन्हा स्पार्क, पुन्हा पॉलिश. तेवढे दिवस मोल्ड प्रेसवरून खाली. ग्राहकाने दिवस दिले नाहीत. तडजोड अशी निघाली की मोल्ड तसाच चालवायचा आणि बाहेरून एक पत्र्याची क्लिप लावायची. ती क्लिप लाइनवरच्या मुली हाताने दाबून बसवत. कड धारदार होती. मुलींची बोटं कापत, कामाच्या पिशवीत पट्ट्या असत. मोल्ड दुरुस्त झाला तो पुढच्या मॉडेलला.

मॉडेलच्या टेबलावर बसून अण्णा या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, कुठे युद्ध आणि कुठे क्लिप! प्रमाण निश्चितच वेगळं. पण हिशेब एकाच वहीतला आहे. चालू ओळ थांबवण्याची किंमत लगेच दिसते, तिचा आकडा शिफ्टच्या शेवटी फळ्यावर लागतो. ओळ न थांबवण्याची किंमत मागच्या पट्ट्यावर बसलेला माणूस देतो, आणि ती फळ्यावर लागत नाही. स्टालिनच्या तारेत विमानं मोजली होती.

त्या किमतीचं एक नाव इतिहासात आहे. आन्ना येगोरोवा ही इल-2 उडवणाऱ्या मोजक्या स्त्रियांपैकी एक. ऑगस्ट 1944 मध्ये वॉर्सॉजवळ तिचं विमान पाडलं गेलं. ती भाजलेल्या अवस्थेत जर्मनांच्या हाती लागली, क्युस्ट्रिनच्या युद्धकैदी छावणीत राहिली, सुटल्यावर स्वतःच्याच लोकांच्या संशयाला तोंड देत राहिली आणि शेवटी 1965 मध्ये तिला सोव्हिएत संघराज्याचा वीर हा सन्मान मिळाला. तिच्यामागे बसलेली गनर येव्दोकिया नाझारकिना त्या दिवशी वाचली नाही. एका घटनेवरून सगळ्या विमानाचा निकाल लावता येत नाही हे खरं. तरी गनरचा पट्टा मास्किंग टेपच्या पातळ कातरणीतून करताना अण्णांनी तो दोनदा काढून पुन्हा बसवला. पहिल्यांदा तो ताठ दिसत होता. त्यावर माणूस बसून बसून तो मध्ये लोंबला असला पाहिजे.

गनर आल्यामुळे विमानात आणखी एक बदल झाला आणि तो किटमध्ये पंख हातात घेतल्याबरोबर दिसतो. मागे माणूस, बंदूक आणि काडतुसं चढल्याने तोल शेपटीकडे गेला आणि विमान हाताळायला हट्टी झालं. उपाय म्हणून पंखांचा बाहेरचा भाग सुमारे 15 अंशांनी मागे वळवला, म्हणजे उचलण्याचं बलही मागे सरकलं. तामियाचं किट या मागे वळलेल्या पंखांच्या प्रकाराचं आहे. डबा बदलला असता तर हाही बदल कदाचित वेगळा झाला असता. एक डाय न बदलल्याचे परिणाम दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत पोचलेले दिसतात.

रंगाची गोष्ट वेगळी. तिथे अण्णा शिकाऊ आहेत आणि तसं कबूलही करतात. पण प्रदर्शनात इल-2 दिसलं की ते एक खूण हमखास तपासतात. मॉडेलला जुनं, वापरलेलं दाखवण्यासाठी बरेच जण रंगाचे टवके उडाल्यासारखे चांदीचे ठिपके देतात, नाकापासून शेपटीपर्यंत सरसकट. इल-2 मध्ये हे चालत नाही. युद्धकाळातल्या बहुतेक इल-2 चा मागचा भाग लाकडी होता, बर्चच्या पातळ थरांचा, कारण ॲल्युमिनियमचा तुटवडा होता. लाकडावरचा टवका चांदीचा कसा दिसेल? आणि पुढचा डबा पोलादाचा, म्हणजे तिथेही चकचकीत चांदी नाही, काळपट राखाडी. चांदी दाखवायची तर पंखांवर, तीही जिथे पत्रा खरोखर ॲल्युमिनियमचा असेल तिथे. मागच्या लाकडी भागावर रिव्हेटांच्या रांगाही नसतात. चांगला किटवाला तिथे पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो, आणि नवखा मॉडेलवाला "इथे रेषा राहून गेल्या" म्हणून त्या सुईने कोरतो. एका तरुणाने तसं केलं होतं. अण्णांनी त्याला बोल लावला नाही. विमानाचा मागचा भाग सुताराने बनवलाय एवढंच सांगितलं.

पुण्यात या छंदाच्या काही अडचणी अगदी स्थानिक आहेत. पावसाळ्यात लॅकर मारला की दमट हवेने तो पांढरट पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर जुळवणी आणि घासकाम, रंग दिवाळीच्या आसपास. खास मॉडेलची पुट्टी मिळेना तर गाड्यांच्या रंगकामाची एन. सी. पुट्टी चालते, पण पातळ थरात आणि सावकाश, कारण तिच्यातला थिनर प्लास्टिक मऊ करतो. पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तोच, पाण्यात भिजवून. याला खर्च फार नाही. वेळ मात्र लागतो, आणि घरात एक टेबल कायमचं जातं.

पंखांतले छोटे बॉम्बकप्पे उघडे ठेवायचे की बंद, यावर अण्णा आणि सोबती यांच्यात बरीच चर्चा झाली. जुलै 1943 मध्ये कुर्स्कच्या लढाईत इल-2 ने पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर पीटीएबी नावाचे छोटे रणगाडाविरोधी बॉम्ब टाकले. एकेक जेमतेम दीड किलोचा, एका विमानात दोनशेच्या घरात. रणगाड्यावर वरून पडला की पुढचं काम त्याच्या पोकळ स्फोटक रचनेचं. सोबत्यांना कप्पे उघडे हवे होते, म्हणजे आतली बिजागरी दिसतील. शेवटी ते बंद राहिले. कारण तांत्रिक होतं: दारांच्या आतल्या बाजूला इजेक्टर पिनांचे ठसे होते आणि ते भरून घासणं कंटाळवाणं. चांगल्या माणसाने केलेल्या मोल्डलाही कुठेतरी पिना ठेवाव्या लागतात. न दिसणाऱ्या बाजूला ठेवल्या, एवढी त्याने काळजी घेतली होती.

इल-2 च्या पुढच्या विमानाचं नाव इल-10. त्याचं पहिलं उड्डाण एप्रिल 1944 मध्ये झालं. त्याचा डबा नव्याने आखला गेला, म्हणजे डायही नव्या झाल्या, आणि गनर पोलादाच्या आत आला. तोवर इल-2 च्या उत्पादनाचा मोठा भाग होऊन गेला होता.

ज्यांना हे विमान बांधून पाहायचं आहे त्यांनी सुरुवातीलाच महागडं जपानी किट घेऊ नये. 1:72 मध्ये स्वस्त किटं मिळतात, एअरफिक्सने तर 1960 च्या दशकातच ते काढलं होतं. जुनी किटं जरा ओबडधोबड असतात, पण हात बसायला तीच बरी. आणि बांधताना एक करा: टाकीमागची ती भिंत बसवण्याआधी वैमानिकाची आणि गनरची जागा आतून नीट बघून घ्या. धड जुळल्यावर ती पुन्हा दिसत नाही.